तुऱ्याचा सुरय आणि लोधिवलीचा टेंपो

दाराच्या मागं प्लास्टिकच्या पिशव्या कशा साठतात, बघितलंय ना? एक आपण ठेवतो, लागेल कधीतरी म्हणून. दुसरी पहिलीत कोंबतो. तिसरी दुसरीत. आणि एक दिवस दारच उघडेनासं होतं! गॅलरीत बसणाऱ्या बाईकडं किस्से अगदी असेच साठतात. माझ्याकडं आता जागा उरलेली नाही, म्हणून थोडे इथं रिकामे करते.

आमची बिल्डिंग कर्जतला, भिसेगावात. दोनच मजले, पुढं सामाईक गॅलरी. माझ्या शेजारी गायकवाड. गायकवाडभाऊ एसटीत कंडक्टर, शोभाताई अंगणवाडीत, आणि त्यांची एकुलती एक प्रणाली. माझ्या ओट्यावरची खिडकी आणि त्यांच्या ओट्यावरची खिडकी समोरासमोर. मी मुद्दाम काही ऐकत नाही हो. पण खिडकी बंद केली तर फोडणीचा धूर घरात कोंडतो, त्याला मी काय करू?

ही प्रणाली मुंबईच्या कॉलेजात समुद्रपक्ष्यांचा अभ्यास करते. ते जोडीदार कसा निवडतात याचा! कोण चोचीचा रंग बघतं, कोण पायांचा, कोण डोक्यावरचा तुरा.

"म्हणजे पक्ष्यांचं वधूवर सूचक मंडळच की गं," मी म्हटलं.

"तसंच काकू. फक्त तिथं शेजारीण नसते."

आता मला सांगा, लहानपणी हिला भाजणीचं थालीपीठ कुणी भरवलं?

तर झालं काय, कोकणात खाली समुद्रात एक खडक आहे. उन्हाळा चढला की त्यावर सुरय नावाचे पांढरे पक्षी घरटी करायला जमतात. पाऊस लागला की समुद्र बंद. मधल्या त्या थोड्या दिवसांत प्रणालीला तिथं जायचं होतं, आणि ते चुकलं की सगळा अभ्यास एक वर्ष मागं. गायकवाडभाऊंनी मात्र संक्रांतीलाच सांगून टाकलं, "आधी लग्न ठरव, मग जा खडकावर. तिकिटाशिवाय गाडीत बसायचं नाही."

झालं! त्या वर्षी आमच्या गॅलरीत एकीकडून मुलं बघायला येऊ लागली आणि दुसरीकडून पक्षी.

* * *

पहिला पक्षी आला वाल निवडताना. आम्ही बायका सुपं घेऊन बसलो होतो. खालच्या मजल्यावरच्या ठोंबरेआजीही होत्या. आजींचं वय कुणालाच माहीत नाही, त्यांनाही नाही. प्रणालीनं मोबाइलवर एक फोटो दाखवला. जाडजूड चोचीचा पक्षी, चोचीवर लाल, पिवळे, निळसर पट्टे. बँडवाल्याच्या टोपीसारखा दिसत होता.

"हा पफिन, आजी. थंड देशातला. जोडी जमायच्या दिवसांत चोच अशी रंगीत होते. सीझन संपला की वरचं रंगीत कवच गळून पडतं. खाली साधी, मळकट चोच."

आमची सुपं एकदम थांबली. प्रत्येकीच्या डोळ्यांपुढं आपापल्या लग्नाचा अल्बम आला असणार. माझ्या डोळ्यांपुढं तर अल्बमची गरजच नव्हती, आमचे हे समोरच बनियनवर बसून कान कोरत होते.

आजींनी विचारलं, "मंग पुढल्या साली पुन्ना येतंय का गं ते?"

"येतं ना आजी. दरवर्षी नवीन येतं."

आजींनी सुपातला खडा उचलून लांब भिरकावला. "मंग पाखरू बरं हाय. आमच्याकडं एकदा गेलं ते गेलंच!"

* * *

दुसरा पक्षी निळ्या पायांचा. अगदी आभाळी निळे पाय! नर म्हणे मादीपुढं एकेक पाय उचलून दाखवत नाचतो. "आणि त्याला दोन दिवस नीट खायला मिळालं नाही ना, तर तो निळा रंग फिका पडतो," प्रणाली सांगत होती. "म्हणजे पाय बघूनच मादीला कळतं, गडी खाऊनपिऊन धडधाकट आहे की नाही."

हे झालं शनिवारी. रविवारी दहिवलीचा मुलगा बघायला येणार होता.

आला तो मोटारसायकलवर, भर उन्हात. मुलगा नीटनेटका. नवा शर्ट, नवे बूट, नवे मोजे, सगळं त्याच दिवशी पिशवीतून काढलेलं. गॅलरीच्या टोकाला आमचा नळ आहे. मंडळी तिथं पाय धुऊन मग घरात जातात. मी तांब्या घेऊन उभी होतेच. मदतीसाठी हो!

त्यानं बूट काढले. मोजे काढले. आणि पाय बघून माझ्या हातातला तांब्या पडायचा राहिला.

घोट्यापासून बोटांपर्यंत निळेशार! नव्या मोज्यांचा रंग घामानं उतरला होता. त्यानं एक पाय उचलून नळाखाली धरला, चोळला, काही जाईना. मग दुसरा उचलला. पुन्हा पहिला. एक पाय वर, एक खाली, एक वर, एक खाली.

दारातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. प्रणाली आत पळाली, आणि आतून पातेलं पडल्याचा आवाज आला. बिचाऱ्या शोभाताई आदल्या दिवशी ड्यूटीवर होत्या, त्यांना काही माहीतच नाही. त्या मला कानात विचारतात, "अहो काकू, काय झालं? मुलात काही खोट आहे का?"

जिन्यातून ठोंबरेआजी चढत होत्या. त्यांनी पाय नीट निरखले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "खोट कसली गं? चांगला खाऊनपिऊन सुखी हाय पोरगा!"

जमलं नाही पुढं. पायांमुळं नव्हे. तो म्हणाला, "लग्नानंतर ते पक्षीबिक्षी बंद करावं लागेल." प्रणाली म्हणाली, "मग चहा घ्या."

* * *

प्रणालीचे स्वतःचे पक्षी म्हणजे सुरय. त्यांची रीत वेगळी. नर चोचीत मासा धरून मादीकडं येतो. मादी काही लगेच घेत नाही. मान वळवते. मासा केवढा आहे, कसला आहे, बघते. पसंत पडला तरच घेते.

ही माहिती गॅलरीत पसरली आणि त्या आठवड्यात भिसेगावातले नवरे हैराण झाले! समोरच्या बिल्डिंगमधल्या सुजातानं तर नवऱ्याला आणलेले बोंबील घेऊन परत पाठवलं.

रविवारी आमचे हे बाजारातून आले. हातात काळी पिशवी. मी उघडून बघितली. मांदेली! तीसुद्धा बारीक. मी पक्ष्यासारखी मान वळवली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले.

"काय झालं?" हे म्हणाले.

"मासा पसंत नाही."

यांनी चप्पल काढली, पंखा लावला, शांतपणे खुर्चीत बसले. मग म्हणाले, "अगं, ती मादी अंडं घालणार असते, म्हणून तिला मोठा मासा लागतो. तू काय घालणार आहेस?"

गॅलरीतल्या बायका हसल्या त्याचं मला काही वाटलं नाही. आत प्रणालीचा हसण्याचा आवाज आला त्याचं वाटलं. मी मांदेली तळली. छान कुरकुरीत झाली होती, खोटं कशाला बोलू!

* * *

मग एक जण आला पनवेलच्या बाजूचा. मुलगा शांत होता, पण बरोबर मामा होते. मामांनी बोलायला सुरुवात केली ती पोहे येईपर्यंत मुलाचा फ्लॅट टू बीएचके झाला होता, पोहे संपेपर्यंत थ्री, आणि चहाला गॅलरीतून डोंगर दिसायला लागला. बोलताना मामांची छाती फुगे, गळा फुगे, चेहरा लाल होई.

आदल्याच आठवड्यात प्रणालीनं आम्हाला असला एक पक्षी दाखवला होता. काळाभोर नर, गळ्याला लाल पिशवी. ती तो हवेनं फुगवत फुगवत मोठ्या फुग्याएवढी करतो आणि आभाळातून जाणाऱ्या माद्यांना दाखवत बसतो.

प्रणालीनं पाण्याचा ग्लास पुढं केला. अगदी नम्रपणे म्हणाली, "मामा, थोडं पाणी घ्या. एवढी हवा धरून ठेवायला त्रास होत असेल."

मामांना वाटलं मुलगी काळजी घेणारी आहे. घरी जाऊन त्यांनी होकार कळवला! मुलानं मात्र कळवलं, "मामांना समजलं नाही, मला समजलं. सॉरी."

गायकवाडभाऊ त्या रात्री जेवताना म्हणाले, "प्रणाली, गाडी सुटत चाललीय." खिडकीतून दिसत होतं, ताटातला भात ती नुसता कालवत होती. उन्हाळा चढत होता आणि खडकावर पक्षी जमायला लागल्याचे मेसेज तिला येत होते.

* * *

आता मूर्तिकाराची गंमत. प्रणालीला खडकावर ठेवायला खोटे पक्षी हवे होते. काही बिनतुऱ्याचे, काही मध्यम तुऱ्याचे, आणि दोन भल्या लांब तुऱ्याचे. खरे पक्षी कुणाजवळ येऊन मान वाकवतात, चोच वर करून मिरवतात, ते लांबून बघायचं. म्हणजे तुऱ्याची खरंच किंमत आहे का ते कळतं.

चौक गावाजवळ एक मूर्तिकार आहेत, वसंतदादा म्हणतात त्यांना. गणपती करतात, बुद्धमूर्ती करतात, कुणी सांगितलं तर शाळेसाठी फायबरचे हत्तीही करतात. प्रणालीनं फोटो दिले, मापं दिली. महिन्यानं निरोप आला, पाखरं तयार आहेत. मी गेले बरोबर. जड सामान असलं तर एकटी पोर काय करणार?

दादांनी फडकं काढलं. काय सुंदर काम! पांढरंशुभ्र अंग, राखाडी पंख, काळी टोपी, पिवळी चोच. फक्त सगळ्या पक्ष्यांचे डोळे अर्धे मिटलेले. ओठांवर, म्हणजे चोचीच्या कडेला, मंद हसू.

प्रणाली बघतच राहिली. "दादा, हे असे का?"

दादांनी डोकं खाजवलं. "अगं, आधीचे दोन महिने बुद्धमूर्तींची ऑर्डर होती ना. हात त्याच वळणावर गेला बघ."

"अहो, पण हे ध्यानाला बसलेत! मादी जवळ येऊन काय करणार? वंदना?"

दादा ब्रश पुसत म्हणाले, "बघ बाई, डोळे उघडून देतो. पण तुझ्या काकूंना विचार, एवढा शांत नवरा मिळाला तर कोण नको म्हणेल?"

मी म्हटलं, "एक असाच राहू द्या. मी घरी नेते." पण प्रणालीनं ऐकलं नाही. सगळ्यांचे डोळे उघडून घेतले.

* * *

पक्षी घरी आले. चोचींचा रंग प्रणालीनं स्वतः पुन्हा दिला, खऱ्या पक्ष्यांच्या चोचीशी जुळवून. मग वाळायला ठेवणार कुठं? पलंगाखाली धूळ. शोभाताईंनी शोकेस रिकामं केलं आणि रांगेत मांडून टाकले.

त्याच दिवशी लोधिवलीची मंडळी आली. मुलगा अक्षय आणि त्याची आई, दोघंच. अक्षयचा स्वतःचा टेंपो, हायवेवरच्या कंपन्यांचा माल नेतो. जय भीम झाला, पाणी झालं. मुलाची आई इकडंतिकडं बघत होती. नजर शोकेसवर थांबली.

"अगं बाई! मुलीच्या हातचं का?"

आता पूर्वी बघायला आल्यावर मुलीनं केलेली तोरणं, लोकरीची कुत्री, मण्यांचे पोपट मांडून ठेवायची पद्धत होतीच. शोभाताईंच्या तोंडून सवयीनं निघालं, "हो, हो, तिनंच केलंय सगळं."

"कित्ती गोड! हा मोठ्या तुऱ्याचा किती रुबाबदार!" बाईंनी उचलून मांडीवर घेतला, गोंजारला. शोभाताईंना काय बुद्धी झाली कुणास ठाऊक, म्हणाल्या, "आवडला तर घेऊन जा ना!"

प्रणाली चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा लांब तुऱ्याच्या दोहोंपैकी एक सुरय लोधिवलीच्या पिशवीत बसला होता. ट्रे हातात, पाहुणे समोर, बोलणार काय? कप खळखळले तेवढेच.

दुसऱ्या दिवशी होकार आला. "मुलगी कलाकार आहे," असं कळवलं.

आणि इथं खरी पंचाईत झाली. बाकीच्या पक्ष्यांत एखाददुसरा जास्तीचा होता. लांब तुऱ्याचे मात्र मोजून दोनच, आणि दोन्ही असल्याशिवाय काम अर्धं. दुसरा करून घ्यावा तर वसंतदादा गावाला गेलेले. बरं, परत मागावा? आमच्या बायकांत एक मानतात, बघण्याच्या वेळी दिलेली वस्तू मुलीकडच्यांनी परत घेतली की समजायचं, मोडलं! लोधिवलीच्या बाईंनीही तसंच कळवलं, "मागितला तर देऊ. मागितला म्हणजे काय ते समजू."

गायकवाडभाऊ म्हणाले, "मग मागायचाच कशाला? स्थळ चांगलं आहे. हो म्हण आणि जा."

"पप्पा, त्यांनी मला बघितलं. मी काय बघितलं? चहाचा ट्रे! मान वर केली तेव्हा ते चपला घालत होते." प्रणालीनं शोकेसमधल्या पक्ष्यांकडं बोट केलं. "माझ्या पक्ष्यांत नरालाही तुरा असतो, मादीलाही. दोघंही एकमेकांना बघतात. एकानंच बघितलं तर तिथंसुद्धा जमत नाही."

मग मलाच बोलावं लागलं. "अहो भाऊ, पक्षीही त्याच्याकडं, टेंपोही त्याच्याकडं. त्यालाच सांगा ना, सामान जेट्टीपर्यंत पोचव. दिवसभर बघू दे तिला."

"आणि लोक काय म्हणतील, वहिनी?"

"मी बसते ना मध्ये!"

आतून आमच्या ह्यांचा आवाज आला, "घ्या! लग्न झाल्यापासून ही ह्याच संधीची वाट बघत होती!"

भाऊंनी बराच विचार केला. मग प्रणालीला म्हणाले, "जा. मी अडवत नाही. पण बोटीत चढण्याआधी ठरव. नाही म्हणायचं असेल तर तो पक्षी घेऊन चढ, मला समजेल. हो असेल तर पक्षी त्याच्याकडं राहू दे. अधांतरी ठेवू नकोस, तोही माणूस आहे."

"पण पप्पा, पक्षी नाही तर माझं काम..."

"एका तिकिटावर दोन प्रवास होत नाहीत, बाळा."

* * *

सकाळी टेंपो आला आणि गॅलरी कठड्याला लोंबकळली. काय तो टेंपो! पुढं झिरमिळ्या, आरशांना गोंडे, कडेला रंगीत वेलबुट्टी, चाकांवर चांदण्या. आणि त्यातून उतरलेला अक्षय मात्र साध्या राखाडी शर्टात, केस पाण्यानं बसवलेले.

केबिनमध्ये तो, मध्ये मी, खिडकीशी प्रणाली. लांब तुऱ्याचा सुरय त्यानं आपल्या सीटच्या कडेला स्वच्छ पंच्यात गुंडाळून ठेवला होता. पेण येईपर्यंत कुणी बोलेना. मी मध्ये, म्हणून अडलंय हे मला कळलं. मी डोळे मिटले आणि घोरून दाखवलं.

जरा वेळानं प्रणालीचा आवाज. "एवढा तुरा कुणासाठी?"

"कुठला?"

"हे गोंडे, झिरमिळ्या."

"गिऱ्हाईकासाठी. गाडी अशी राखलेली दिसली की त्याला वाटतं, माल पण नीट पोचेल."

"आणि पोचतो?"

"आजपर्यंत तरी पोचलाय."

"मग ठीक आहे. माझ्या पक्ष्यांचंही तेच. तुरा खरा असला पाहिजे."

त्यानं गिअर बदलला. मग तो म्हणाला, "तुम्हाला बघायला आलो तेव्हा मी पण तुम्हाला नाय बघितलं."

"मग होकार कसा दिलात?"

"ट्रे बघितला. तुम्ही इतक्या रागात होता, कप वाजत होते, पण एक थेंब सांडला नाय. मला वाटलं, मालाची काळजी घेणारी आहे."

माझं घोरणं मध्येच बंद पडलं. दोघंही माझ्याकडं बघायला लागले असावेत, म्हणून मी घाईनं पुन्हा सुरू केलं.

मग तो विचारत राहिला आणि ती सांगत राहिली. पक्षी रात्री कुठं असतात, वादळात काय करतात, खडकावर पाणी कुठून आणणार, भीती नाही का वाटत. "ते सोडा आता" असं त्यानं एकदाही म्हटलं नाही. माणगावला चहाला उतरलो तर त्यानं पक्ष्यावरचा पंचा सारखा केला, ऊन लागू नये म्हणून.

जेट्टीवर पोचलो तेव्हा तिच्या कॉलेजची मंडळी बोटीत सामान भरत होती. अक्षयनं खोकी खांद्यावरून नेऊन दिली. शेवटी राहिला तो लांब तुऱ्याचा सुरय. तो त्यानं उजव्या कुशीत धरला आणि उभा राहिला. पुढं केला नाही, मागंही घेतला नाही.

"ताई, चला! पाणी ओसरतंय!" बोटवाला ओरडला.

प्रणाली उभी. तो उभा. मी तोंड मिटून उभी, आणि ह्याचं कौतुक मला ओळखणाऱ्यांनाच कळेल! ती एकदा बोटीकडं बघे, एकदा त्याच्याकडं. डोळे भरून आले होते पोरीचे.

मग ती वाकली, एक खोकं उघडलं, आतून एक बिनतुऱ्याचा सुरय काढला. साधा, गुळगुळीत डोक्याचा. सरळ अक्षयपाशी गेली, तो त्याच्या डाव्या कुशीत ठेवला आणि उजव्या कुशीतला तुऱ्याचा काढून घेतला.

"आईंना सांगा," ती म्हणाली, "परत घेतला नाही. बदलून घेतला."

आणि चढली की बोटीत!

माझा फोन वाजला. गायकवाडभाऊ. चालू एसटीतून बोलत होते, मागं घंटी ऐकू येत होती. "वहिनी, बसली का बोटीत? पक्षी कुणाकडं?"

"तुऱ्याचा ती घेऊन गेली."

"म्हणजे नाही."

"आणि त्याला बिनतुऱ्याचा देऊन गेली."

पलीकडं कुणीतरी सुटे पैसे मागत होतं, भाऊंना ऐकूच जाईना. मग भाऊ म्हणाले, "वहिनी, हे कुठलं तिकीट?"

मला तरी काय ठाऊक! सगळ्या भिसेगावाची बातमी मी सांगते, आणि माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं मला सांगता येईना.

परतीला अक्षयनं समोरच्या काचेपाशी झिरमिळ्या बाजूला सारून जागा केली आणि तो बोडका पक्षी तिथं बसवला. सगळ्या वाटेत एक शब्द नाही. मी खोकले, पाणी प्यायले, "ऊन काय तापलंय" म्हटलं, तो नुसता मान हलवे. ह्या वेळी मी घोरलेही नाही. कुणासाठी घोरणार?

पेणच्या अलीकडं चहाला थांबलो. त्यानं ग्लास हातात घेतला आणि काचेतून त्या पक्ष्याकडं बघत राहिला. चहावर साय धरली तरी पिईना.

"काकू," शेवटी तो म्हणाला.

"बोल ना रं बाळा."

"ह्यांचा सीझन कधी संपतो? सामान परत आणायला टेंपो लागेल ना."